पणजीचं नाव नातीच्या मुलीला: फ्रेंच 'जान'ची सहाशे वर्षं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भरकटलं तर तुम्हाला कान पकडता येईल. तुमच्या कादंबरीची नायिका 2003 साली ल्यों शहरात जन्मलेली आहे. तिला तुम्ही 'जीन' हे नाव दिलंय, कारण पंधराव्या शतकात इंग्रजांविरुद्ध लढलेल्या जोन ऑफ आर्कमुळे हे नाव फ्रान्समध्ये कायमच लोकप्रिय असणार असं तुम्हाला वाटतं. एका मैत्रिणीने सांगितलं की हे म्हातारीचं नाव आहे. दुसरी म्हणाली, हे तर पुरुषाचं नाव. आणि नायिकेची आई (जन्म 1966), आजी (1932) आणि पणजी (1905) यांना शोभतील अशी नावं तुम्हाला हवी आहेत.

नाव उत्तम निवडलंय. पण त्यामागचं कारण चुकलंय, आणि लिहिलंय तर अगदीच चुकीचं. अठ्ठावीस वर्षं फ्रेंच शिकवतोय आणि त्याच्या जोडीला जुने जन्मदाखले, लग्नाचे दाखले भाषांतरित करून देतोय. या नावाशी रोजचा संबंध येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात उच्चारापासून, कारण दुसऱ्या मैत्रिणीचा घोळ तिथेच आहे. इंग्रजीत 'जीन' ही बाई असते. फ्रेंचमध्ये तीच चार अक्षरं पुरुषाची, आणि त्यांचा उच्चार 'जाँ', नाकातून. ह्यूगोच्या कादंबरीचा नायक जाँ वालजाँ, त्यातला पहिला तो हाच जाँ. बाईच्या नावात शेवटी आणखी एक एन आणि एक ई येतो. त्यामुळे स्वर नाकातून बाहेर पडतो, मोकळा होतो आणि न स्पष्ट ऐकू येतो: 'जान'. यातला ज आपल्या 'जहाज'मधलाही नाही आणि 'जन्म'मधलाही नाही. 'श' म्हणताना गळा घुमवला की जो आवाज येतो, तो हा. देवनागरीत त्याला अक्षर नाही, त्यामुळे 'जान' लिहून वाचकाला एकदा सांगून टाकावं. मराठी वाचकाला त्यात 'जीव की प्राण'वाली जान ऐकू येईल, पण तो योगायोग आहे, आणि मला तर तो आवडतो.

जोडनावांत आणखी एक खड्डा आहे. जाँ-मारी हा पुरुष आणि मारी-जान ही बाई. 'मारी' दिसली म्हणून बाई समजू नका, पहिल्या नावाकडे बघा. एका अनुवादात मी जाँ-मारी नावाच्या धिप्पाड खलाशाला चार पानं 'ती' म्हटलेलं पाहिलं आहे.

मूळ फ्रेंच नाहीच, हिब्रू आहे. योहानान, म्हणजे 'परमेश्वराने कृपा केली'. ग्रीकमध्ये त्याचं योआन्नेस झालं, लॅटिनमध्ये योहान्नेस आणि जुन्या फ्रेंचमध्ये जेहान. त्याचं स्त्रीरूपही जुनंच आहे. लूकच्या शुभवर्तमानात हेरोदाचा कारभारी खुजा याची बायको योहान्ना येते. मराठी बायबलमधला योहान, गोव्यातली जुआना आणि 24 जूनला डोक्यावर फुलांचं कोपेल घालून विहिरीत उड्या मारण्याचा सांजांव, ही सगळी याच नावाची भावंडं. सांजांव म्हणजे संत जुआंव, म्हणजेच संत जाँ. फ्रेंचांनी नावातला 'ह' उच्चारातून कधीच टाकून दिला, लिहिण्यात मात्र तो बराच काळ टिकला.

आता जोन ऑफ आर्क, म्हणजे फ्रेंचमध्ये जान दार्क. तिच्यामुळे नाव पसरलं असं मराठीतच नव्हे, फ्रान्समध्येही पुष्कळ जण समजतात. घडलं ते उलट. ती 1412 च्या सुमारास म्यूझ नदीकाठच्या दोंरेमी गावात जन्मली, तेव्हा या नावाच्या बायका घरोघरी होत्या. मुलाला धर्ममातेचं किंवा धर्मपित्याचं, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची जबाबदारी घेणाऱ्याचं, नाव द्यायची रीत होती. पुढे चर्चने पाखंडाबद्दल तिच्यावर चालवलेल्या खटल्यात तिला धर्ममाता कोण असं विचारलं, तेव्हा तिने सांगितलेल्या नावांत एक जान होती, आणि सांगितलेले दोन्ही धर्मपिते जाँ होते. म्हणजे गल्लीतल्या निम्म्या लोकांचं नाव होतं ते. त्याच खटल्यात, 1431 च्या फेब्रुवारीत, ती म्हणाली की माझ्या मुलखात मला जानेत म्हणत आणि फ्रान्सात आल्यावर जान म्हणू लागले. जानेत म्हणजे छोटी जान. आपण घरातल्या मुलीला ठमी म्हणावं तसं. 1429 च्या नोव्हेंबरात रियों शहराला पाठवलेल्या पत्राखाली तिची सही आहे, ती 'जेहान' अशी, 'ह'सकट. आडनाव नाहीच.

त्या काळात गावातल्या बायकांची नावं मोजून आठ-दहाच असायची: मारी, जान, कातरीन, आन, फ्रांस्वाझ अशी. वेगवेगळ्या धर्ममातांचं नाव एकच असलं, की एका घरात दोन सख्ख्या बहिणी जान निघत. चर्चच्या जुन्या नोंदींत त्या 'थोरली जान' आणि 'धाकटी जान' म्हणून येतात. वंशावळ शोधायला बसलेला नवखा माणूस इथे हमखास अडकतो. त्याला वाटतं, पहिली मुलगी दगावली असेल म्हणून दुसरीला तेच नाव दिलं. तसंही होत असे, पण दोघी जिवंत असून म्हाताऱ्या झाल्याचे दाखले मी स्वतः भाषांतरित केले आहेत.

नाव इतकं सर्वसाधारण असल्यामुळे ते राणीलाही शोभायचं आणि मोलकरणीलाही. चौथ्या फिलिपची राणी जान द नावार. तिच्या मृत्युपत्रातून पॅरिसचं नावार महाविद्यालय उभं राहिलं. चौथ्या हेन्रीची आई जान दाल्ब्रे. 1472 मध्ये बोव्हे शहराच्या तटावर कुऱ्हाड घेऊन उभी राहिलेली जान आशेत. पंधराव्या लुईच्या दोन गाजलेल्या प्रेयसी, पोंपादूर आणि द्यू बारी, यांची मूळ नावं जान-आंत्वानेत आणि जान. दुसऱ्या टोकाला 'जान्तों' हे याच नावाचं रूप. खानावळीत वाढणाऱ्या पोरीला लोक सरसकट तसं हाक मारत. वेताच्या विणकामात बसवलेल्या मोठ्या पोटाच्या काचेच्या बाटलीला फ्रेंचमध्ये 'दाम-जान' म्हणतात, जानबाई. इंग्रजीतला 'डेमिजॉन' त्यावरूनच आला. तशा बाटल्यांतून फेणी ठेवलेली गोव्यातल्या कुणीही पाहिली असेल.

माझी सगळ्यात लाडकी जान वेगळी आहे. जान बारे, 1740 साली बुर्गोन्यच्या खेड्यात जन्मलेली. 1766 मध्ये बूगँव्हिलच्या जगप्रदक्षिणेवर ती वनस्पतीशास्त्रज्ञ कोमेर्सोंचा नोकर म्हणून पुरुषवेशात चढली, कारण नौदलाच्या जहाजावर बाईला बंदी होती. नाव काय सांगितलं? जाँ. एक अनुनासिक बदलला आणि भागलं. पृथ्वीला वळसा घालणारी ती पहिली ज्ञात स्त्री.

हिंदुस्थानातही या नावाच्या दोन बायका इतिहासात भेटतात. एक जान आल्बेर, पाँडिचेरीत जन्मलेली. तिने 1741 मध्ये चंद्रनगरला द्युप्लेक्सशी, म्हणजे पुढे पाँडिचेरीचा फ्रेंच गव्हर्नर झालेल्या माणसाशी, लग्न केलं. तिला तमिळ येत होती. नवऱ्याच्या देशी दरबारांशी चाललेल्या कारस्थानांत तिचा हात मोठा, आणि इथले लोक तिला जोआना बेगम म्हणत. दुसरी मेरठजवळच्या सरधन्याची जहागीरदारीण बेगम समरू. 1781 मध्ये बाप्तिस्मा घेताना तिने जोआना हेच नाव घेतलं. 1803 च्या असईच्या लढाईत शिंद्यांच्या बाजूने तिच्या पलटणी होत्या. म्हणजे भोकरदनच्या परिसरात एका जोआनाची फौज येऊन गेली आहे. तुमच्या कादंबरीशी याचा काही संबंध नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आता तुमच्या कामाचं. फ्रेंच क्रांतीच्या कॅलेंडरातला 11 जर्मिनाल वर्ष 11, म्हणजे 1 एप्रिल 1803 चा कायदा. त्याने ठरवलं की मुलाचं नाव संतांची नावं छापलेल्या प्रचलित कॅलेंडरांतून किंवा प्राचीन इतिहासातल्या व्यक्तींमधूनच घ्यायचं. नगरपालिकेतला नोंदणी अधिकारी बाकीची नावं नाकारू शकत होता. 1966 च्या सरकारी सूचनेने हा फास सैल झाला आणि 8 जानेवारी 1993 च्या कायद्याने पालकांना मोकळीक मिळाली. आता अधिकाऱ्याला नाव बाळाच्या हिताविरुद्ध वाटलं, तर तो फक्त सरकारी वकिलाला कळवू शकतो. जानला यातला कुठलाच अडथळा कधी आला नाही, कारण कॅलेंडरात ती कायमच होती. म्हणून तिची चढउतार पाहणं मजेचं आहे. तिथे कायद्याचा संबंध नाही, निव्वळ आवडीनिवडीचा मामला आहे.

फ्रेंच सांख्यिकी संस्थेची, म्हणजे 'इन्से'ची, नावांची यादी 1900 पासून सुरू होते. त्या वर्षी मारी पहिली, 48 हजारांच्या वर. दुसरी जान, सुमारे 14 हजार. एक सावधगिरी बाळगा. ही यादी ज्या राष्ट्रीय नोंदवहीवरून काढतात ती 1940 च्या दशकात तयार झाली, त्यामुळे त्याआधीच वारलेल्या लोकांची गणती त्यात नीट नाही. जुन्या वर्षांचे आकडे प्रत्यक्षापेक्षा कमीच समजायचे. क्रम मात्र भरवशाचा आहे. तुमची पणजी 1905 ची, म्हणजे ती जान असणं अगदी साहजिक आहे. शेजारीपाजारी मार्गरीत, जेर्मेन, लुईझ, इव्होन ठेवा.

यापुढे जे घडतं त्याने जान दार्कचा सिद्धांत साफ कोसळतो. 1909 मध्ये चर्चने तिला धन्य घोषित केलं, 16 मे 1920 ला संतपद दिलं, आणि त्याच वर्षी जुलैत फ्रेंच संसदेने मेच्या दुसऱ्या रविवारी तिचा राष्ट्रीय उत्सव ठरवला. गावोगाव चर्चमध्ये तिचे पुतळे बसले. यानंतर नावाची लाट यायला हवी होती. पण त्याच दशकात नाव वरच्या जागेवरून घसरायला लागलं, आणि 1930 च्या दशकात जाकलीन आणि जानीन तिच्या पुढे निघून गेल्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या व्हिशी सरकारनेही तिचा जप केला आणि जर्मनांचा प्रतिकार करणाऱ्यांनीही. घसरण चालूच राहिली. 1928 ची नटी जान मोरो 1950 च्या दशकाच्या अखेरीस आणि 60 च्या दशकात पडद्यावर गाजत होती. तिने तरी नावाला हात द्यावा? नाही. 1970 च्या दशकात नाव तळाला गेलं, वर्षाला काही शेकड्यांवर. ज्या नावाला संत, संसद आणि सिनेमा मिळून वर ओढू शकले नाहीत, त्याचं काय झालं होतं? काही नाही, ते आईचं आणि आजीचं नाव झालं होतं. तरुण आईच्या कानाला ते शिळं लागत होतं.

यातच तुमच्या आजीचं नाव आहे. दोन युद्धांच्या मधल्या काळात फ्रेंच आयाबापांना शेपट्या लावायची हौस फार होती: पोलेत, जिनेत, ओदेत, युगेत, जोझेत, मिशलीन. जुनं नाव पूर्ण टाकवत नाही आणि जसंच्या तसं ठेववत नाही, मग त्याला 'एत' किंवा 'ईन' जोडायचं. जानचं जानीन झालं ते असं. 1932 ची तुमची आजी जानीन असावी. जानच्या पोटी जानीन, हे त्या पिढीतल्या कितीतरी घरांत झालं आहे, आणि ते नाव आईच्या कौतुकातून आलंय की फॅशनमधून, हे त्या आईलाही सांगता आलं नसतं. आज फ्रान्समध्ये जानीन म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती वृद्धाश्रमातल्या बागेत बसलेली नव्वदीची बाई. तुमच्या पहिल्या मैत्रिणीच्या मनात बहुधा जानीन असावी. जानवर तिने तो शिक्का चुकून मारला.

आई 1966 ची. तिला नाताली म्हणा, डोळे मिटून. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात हे नाव मुलींत पहिलं होतं. 1964 मध्ये जिल्बेर बेकोचं त्या नावाचं गाणं आलं होतं, मॉस्कोतल्या एका वाटाड्या मुलीवर. सगळे श्रेय त्या गाण्याला देतात. पण नाव आधीपासूनच चढत होतं. गाणं लिहिणाऱ्यानेही हवेतलंच नाव उचललं, जसं दोंरेमीतल्या धर्ममातेने दिलं तसं. प्रसिद्ध माणूस किंवा गाणं फार तर वाऱ्याला शीड देतं, वारा निर्माण करत नाही. हे माझं मत आहे, आणि याच्याविरुद्ध एखाददुसरं उदाहरण सापडेल हेही मला माहीत आहे. फिलिप बेनार या समाजशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात नावांच्या फॅशनचा कसून अभ्यास केला. नावं वरच्या सुशिक्षित थरांत आधी येतात आणि तिथून खाली पसरतात, असं त्याच्या आकड्यांत दिसलं. नटनट्यांकडे बोट दाखवणाऱ्यांनी ते वाचायला हवं.

इथे एक बारकावा आहे, आणि तो कादंबरीला उपयोगी पडेल. फ्रेंच जन्मदाखल्यावर एकच नाव नसतं. पहिल्यापुढे दुसरं, तिसरं लिहितात, आणि त्या मागच्या जागा आज्या-मावश्यांना देतात. 1966 च्या दाखल्यावर तुमची नाताली 'नाताली, जानीन, जान' अशी असेल. बोलण्यात कुणी ती मागची नावं घेत नाही. पारपत्रावर, लग्नाच्या नोंदीत, नोटरीकडे मालमत्तेच्या कागदावर ती अचानक वर येतात. 1950 ते 80 या काळात जान मेली नव्हती, या मागच्या बाकावर बसून होती. तुमची नायिका आईचा एखादा जुना कागद हातात घेते आणि स्वतःचं नाव तिथे तिसऱ्या जागी बघते, असा प्रसंग तुम्ही लिहिलात तर तो अगदी खरा वाटेल.

मग 1980 च्या सुमारास पॅरिसच्या सुस्थितीतल्या, पुस्तकं वाचणाऱ्या घरांतून जान परत दिसू लागली. का? ज्या बायकांमुळे ते म्हातारं वाटायचं, त्या बायकाच उरल्या नव्हत्या. आईचं नाव जवळचं असतं, म्हणून खपत नाही. आजीचं नाव सुरकुत्यांसकट आठवतं. पणजीचं नाव फक्त फोटोखाली लिहिलेलं असतं, तपकिरी शाईत, आणि ते सुंदर दिसतं. जानला शंभर वर्षांच्या आतच ही फेरी पूर्ण करता आली. त्यात एक चमत्कारिक योगायोग आहे. आर्ल शहरातली जान काल्माँ 21 फेब्रुवारी 1875 ला जन्मली आणि 4 ऑगस्ट 1997 ला वारली, 122 वर्षांची. ती जन्मली तेव्हा नाव जोरात होतं, ती जगत असतानाच ते पडलं, आणि ती जाईपर्यंत प्रसूतिगृहांत पुन्हा जान जन्माला येऊ लागल्या होत्या. तिच्या मुलीचं नाव इव्होन होतं, 1898 ची. आईचं नाव परतलं, मुलीचं अजून नाही. इव्होन ऐकली की फ्रेंच तरुण आजही हसतात.

जानबरोबर लुईझ, आलीस, रोझही परतल्या. एक-दोन उच्चारखंडांची, शेपटी नसलेली नावं. 2010 च्या दशकात जान देशभरातल्या पहिल्या तीस नावांत होती आणि पॅरिसात त्याहून बरीच वर. 2003 मध्ये मात्र ती अजून चढणीवर होती. त्या वर्षी राज्य लेआचं होतं, मग 2005 पासून एमाचं आलं. म्हणजे तुमच्या नायिकेच्या वर्गात तीन लेआ, दोन मानों आणि एकच जान असेल. हे तुमच्या पथ्यावरच आहे. आईबापांविषयीही त्यातून काही कळतं: नाताली नावाच्या बाईला आयुष्यभर वर्गात, ऑफिसात चार-चार नाताली भेटल्या असणार, म्हणून सदतिसाव्या वर्षी झालेल्या मुलीला तिने गर्दीतलं नाव दिलं नाही.

राजकारणाचं विचारलं नव्हतंत, पण वाचक विचारतील. पॅरिसच्या पिरामिड चौकातल्या फ्रेमिएच्या सोनेरी घोडेस्वार पुतळ्याला हार घालायला 1 मेला कडव्या उजव्यांची मिरवणूक वर्षानुवर्षं जात असे. म्हणून जान नाव ठेवणारे उजवे, असा हिशेब लावू नका. घरात कुणाच्याही डोक्यात तो पुतळा नसतो, पणजीचा फोटो असतो. तुमच्या पात्रांच्या तोंडी एखादा चेष्टेचा शेरा टाकायला हरकत नाही. शाळेत जान नावाच्या प्रत्येक मुलीला 'घोडा कुठे बांधलास?' असं कुणी ना कुणी विचारतंच.

तर यादी अशी: पणजी जान, आजी जानीन, आई नाताली, नायिका पुन्हा जान. पणजी नायिकेच्या जन्माआधी वारलेली असू द्या. ती 2003 पर्यंत जिवंत असेल आणि घरात वावरत असेल, तर तिचं नाव बाळाला देताना नाताली जरा कचरेल. आजी जानीनला सुरुवातीला हे नाव अजिबात आवडू नये असं मला वाटतं. तिच्या लेखी ते आईच्या हातच्या माराचं नाव आहे, आणि आता ते लोकरीच्या गुलाबी टोपीतल्या बाळाला चिकटवायचं.

शेवटचं हस्तलिखिताबद्दल. 'जीन' सगळीकडून काढून 'जान' करा, पण एकेक जागा बघून. संगणकाला शोधून-बदलायला सांगू नका. तुमच्या तिसऱ्या प्रकरणात नायिका निळी जीन्स घालून रोन नदीवर गेली आहे.